‘इतर’ हा पर्याय निवडल्यावर

परदेशातला संसार आवरताना काय काय टाकून यावं लागतं याला सुमार नसतो. आम्ही पलंग टाकला, कपाटं टाकली, माझी सायकल खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकली. टीव्हीचा डिजिटल रेकॉर्डर मात्र मी दोन टॉवेलांत गुंडाळून सामानात घातला. नवऱ्यानं ते बघितलं आणि डोकं खाजवलं.

"अगं, तो इथल्या चॅनेलांवर वाढलेला. आपल्याकडे येऊन नुसता रुसून बसेल."

"बसू दे. मी काढीन त्याची समजूत."

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलं यंत्र कुठे चालेल आणि कुठे नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण हट्टाच्या बाबतीत माझा हात धरणारं घरात कोणी नाही. माझं काम कानांचं. कमी ऐकू येणाऱ्यांची तपासणी करायची, त्यांना श्रवणयंत्र बसवून द्यायचं, आणि ते टोचतं, शिट्टी मारतं, नकोसं झालंय अशी कुरकुर करत माणूस परत आला की न वैतागता पुन्हा बसवून द्यायचं. तिकडच्या इस्पितळात मी हेच करत होते. इकडे आल्यावर एका दवाखान्यात तेच धरलं.

आम्ही परत आलो ते अण्णांसाठी, माझ्या वडिलांसाठी. अण्णांनी सगळी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणाचं मूल चुकलंय, कोणाची पिशवी सापडलीय, हे सगळं लोकांना त्यांच्या आवाजात कळायचं. घरी जेवायची हाकसुद्धा ते घोषणेसारखी द्यायचे. मी लहानपणी रडायला लागले की शेजारपाजार गोळा व्हायचा, म्हणून त्यांनी माझं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं. माझे केस पिकायला लागले तरी फोनवर त्यांचा पहिला शब्द तोच. "बोल भोंग्या, काय म्हणतेस?"

मग त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले, समज वाचली, वाचा गेली. सांगितलेलं सगळं कळायचं. पेपर वाचायचे, विनोदाला हसायचे. बोलायला गेले की ओठ हलायचे आणि त्यातून नुसती हवा यायची. ज्या माणसाच्या आवाजावर गाड्या सुटायच्या, त्याला पाणी हवं असलं तर पेला वाजवावा लागायचा. पेला वाजवताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

मी ठरवलं होतं, अण्णांना बोलतं करायचं. कसंही करून.

त्यांच्याकडे येणाऱ्या उपचारतज्ज्ञ बाईंना माझ्या नवऱ्यानं ‘उच्चारबाई’ असं नाव पाडलं होतं. त्यांनी एक युक्ती सांगितली. "आवडीचा कार्यक्रम लावा. मध्येच चित्र थांबवा आणि विचारा, हे काय आहे? शब्द आला नाही तर चित्र पुढे सरकवायचं नाही. उत्सुकता माणसाला बोलायला लावते." अण्णांना आवडायचा तो प्राण्यांचा कार्यक्रम भर दुपारी लागायचा. तेव्हा मी दवाखान्यात असायची. नवऱ्याची पाळी संध्याकाळची, त्यामुळे दुपारी तो अण्णांजवळ असायचा, पण चित्र थांबवून माणसाच्या मागे लागणं त्याच्या स्वभावात नाही. कार्यक्रम साठवून ठेवायला हवा होता. आणि साठवून ठेवणारं यंत्र माझ्याकडे होतं.

एका रविवारी सकाळी मी रेकॉर्डर बाहेर काढला. त्याची पिन आमच्या भिंतीत बसेना, तर जोडपिन आणली. सुरू झाल्या झाल्या त्यानं आपलं घड्याळ तिकडच्या वेळेला लावून घेतलं. मी बदललं, त्यानं पुन्हा मागे घेतलं. मग पडद्यावर विचारलं: देश निवडा. यादीत आपला देश नव्हताच. होता तिकडचा, त्याचे शेजारी, आणि शेवटी एकटा शब्द, ‘इतर’.

मी ‘इतर’ निवडलं.

चॅनेल शोधण्याची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. एकही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी केबलवाल्याला बोलावलं. त्यानं पेटी उलटीपालटी करून पाहिली.

"ताई, याची आणि आपल्या केबलची भाषाच वेगळी. साधा नवा बॉक्स घ्या ना, कशाला डोकेफोड?"

"तुम्ही मला फक्त तुमच्या चॅनेलांचे आकडे सांगा. हातानं शोधायची सोय आहे यात."

त्यानं आकडे सांगितले आणि मान हलवत गेला. मी रोज संध्याकाळी कामावरून आले की रेकॉर्डरसमोर बसायची. अण्णा मागे त्यांच्या वेताच्या खुर्चीत. एकेक आकडा घालायचा, शोधायला लावायचं, ‘सिग्नल नाही’ वाचायचं, पुढचा घालायचा. अण्णांना मजा वाटत असावी. आठवडाभर त्यांनी माझी फजिती मुकाट बघितली.

आणि एका संध्याकाळी पट्टी मध्येच थांबली. ‘एक चॅनेल सापडलं.’ त्याला नाव नव्हतं, क्रमांकाच्या जागी आडवी रेघ होती.

चित्र आलं. रिकामी खोली. भिंतींना फिकट रंग, मध्ये एक टेबल, टेबलामागे एक बाई. करडा स्वेटर, केस मागे घट्ट बांधलेले. ना तरुण, ना म्हातारी. तिच्या मागे एक खिडकी, पण खिडकीबाहेर काही नव्हतं, नुसता उजेड. बाई एक वाक्य बोलली आणि थांबली. कान देऊन ऐकल्यासारखी मान जराशी कलती केली. मग दुसरं वाक्य. पुन्हा थांबली.

भाषा तिकडचीच होती. मला ती बाजारहाटापुरती आणि कानाच्या तपासणीपुरती येते. पण बाईचे उच्चार मी कधी ऐकले नव्हते तसे होते, जड, घोळून घोळून. मला वाटलं, भाषा शिकवायचा कार्यक्रम असणार. नवऱ्यानं तिकडे असताना कधीतरी साठवलेला.

मी बंद करायला रिमोट उचलला. तेवढ्यात बाईनं काहीतरी विचारलं, मान कलती केली, आणि माझ्या पाठीमागून आवाज आला.

"खिडकी."

म्हणजे, अण्णा मराठीत ‘खिडकी’ म्हणाले नाहीत. तिकडे खिडकीला जो शब्द आहे तो म्हणाले. स्पष्ट. घोषणेच्या आवाजात.

माझ्या हातातून रिमोट पडला. मी त्यांच्या गुडघ्याशी जाऊन बसले आणि रडले. तेही रडत होते. तो शब्द त्यांनी पुन्हा म्हटला, पुन्हा म्हटला, वस्तू हातात घेऊन बघावी तसा. आमचे अण्णा कधी देशाबाहेर गेले नव्हते, तिकडची भाषा त्यांच्या कानावर पडली असलीच तर फोनवर माझ्यामागे कोणी बोलत असेल तेवढीच. पण त्या संध्याकाळी हा विचार कोणाला सुचणार? मुक्या झालेल्या माणसाच्या तोंडून शब्द आला होता.

उच्चारबाईंना फोन केला. त्याही खूश झाल्या. "कुठला शब्द हे महत्त्वाचं नाही. वाट उघडली हे महत्त्वाचं. चालू ठेवा." नवरा पाळीला निघता निघता म्हणाला, "बघ, माझे सासरे परदेशी जाऊन आले आणि तिकीटसुद्धा काढावं लागलं नाही."

मी चालू ठेवलं. रोज संध्याकाळी ते चॅनेल लावायचं. बाई तिथेच असायची. प्रश्न विचारायची, थांबायची. अण्णा उत्तर द्यायचे. आधी एकेक शब्द, मग दोन-दोन, मग वाक्यं. पंधरवड्यात ते सलग बोलायला लागले. मराठीत मात्र एक अक्षर नाही. मी पॉजचं बटण दाबून विचारायची, "अण्णा, ही काय? खिडकी. खि-ड-की." ते माझ्याकडे जरा चिडून बघायचे, मोठ्या माणसांच्या बोलण्यात पोरानं तोंड घातल्यासारखं. आणि आणखी एक गोष्ट होती. चित्र थांबलं तरी बाईचे डोळे थांबायचे नाहीत. मी जुन्या टीव्हीला दोष दिला.

बाईच्या खोलीत सामान वाढत होतं. पहिल्यांदा खिडकीला पडदा आला, निळा, उभ्या रेघांचा. मग भिंतीवर घड्याळ. मग कोपऱ्यात छत्र्या ठेवायचा डबा. रोज थोडं थोडं. कार्यक्रमवाले सजावट करतात तसं असेल, असं मी म्हणत होते. एके दिवशी टेबलाशेजारी वेताची खुर्ची दिसली. डाव्या हाताचा वेत सुटलेला आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली.

मी मागे वळून बघितलं. अण्णांचा डावा हात त्याच चिकटपट्टीवर होता. ती मीच गुंडाळली होती.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खोलीकडे नीट पाहिलं, आमच्या खोलीकडे. निळा पडदा, उभ्या रेघा. घड्याळ. छत्र्यांचा डबा.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं रेकॉर्डरमागची केबल ओढून काढली. चित्र तसंच राहिलं. "म्हणजे साठवलेलं आहे," तो म्हणाला. आम्ही साठवलेल्या कार्यक्रमांची यादी उघडली. यादी कोरी होती. तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला, लिफ्टमध्ये कोणी अडकलेलं असताना बसतो तसा. मग म्हणाला, "मला हे कळत नाही." त्याच्या तोंडून हे वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून मी आवाज मोजायचं यंत्र घरी आणलं. माझा भरवसा कानांवर नसतो, कान काय वाटेल ते ऐकतात. बाई बोलत होती, तेव्हा यंत्रावर पंख्याच्या घरघरीपलीकडे काही उमटलं नाही. अण्णा बोलले, आकडा उडी मारून वर गेला. बाई बोलली, आकडा खाली. मला तिचं प्रत्येक वाक्य ऐकू येत होतं. यंत्राला येत नव्हतं.

मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि तिकडच्या मैत्रिणीला पाठवलं. ती माझ्याबरोबर इस्पितळात कान तपासायची. तिच्या भल्यामोठ्या चष्म्यामुळे आम्ही घरी तिला ‘चष्मेवाली’ म्हणायचो. तासाभरात तिचा फोन आला.

"हे कोण आजोबा?"

"माझे वडील."

"ते कधी आमच्याकडे राहत होते का?"

"कधीच नाही. का?"

"माझी आजी असं बोलायची. वर डोंगरात एक खेडं होतं, तिकडची बोली. आता ती बोलणारं कोणी उरलं नाही." मग तिनं विचारलं, "कोणाशी बोलतायत ते? दुसऱ्या बाजूचा आवाज आलेलाच नाही."

"ते सांगते नंतर. बोलतायत काय?"

"घराबद्दल सांगतायत. खोल्या किती, जिना कुठल्या बाजूला. दार आत उघडतं की बाहेर. मुलगी सकाळी जाते, जावई संध्याकाळी जातो. शेवटी विचारलं असावं काहीतरी, कारण ते म्हणतायत, कडी आतून आहे, पण मी ती काढू शकतो." मग तिनं आवाज खाली केला. "तू त्यांना कोणाशी बोलू देतेयस?"

फोन ठेवला आणि मी सरळ जाऊन रेकॉर्डरची पिन उपटली. मला वाटलं, विषय संपला.

अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. आणि तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते तेव्हा बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला. वाक्य. शांतता. वाक्य. शांतता. मी दारात जाऊन पाहिलं. पडद्यावर काही नव्हतं. अण्णा मात्र मान डोलावत होते, आणि मधूनमधून उत्तर देत होते. बंद केल्यानं काहीही बंद झालं नव्हतं. फरक एवढाच पडला होता की आता प्रश्न मला ऐकू येत नव्हते.

मी पिन परत लावली.

पडद्यावरची खोली आता आमचीच होती, नखभर फरक नव्हता. खिडकीबाहेरच्या उजेडात आमची गल्ली दिसत होती, समोरच्या शिंप्याच्या दुकानाची पाटी दिसत होती. आणि बाई टेबलामागे बसलेली नव्हती. उभी होती, दाराजवळ, एक हात कडीवर ठेवून.

घाबरायला झालं, नाही कशाला म्हणू. पण त्याहून जास्त राग आला. माझ्या बापाची वाचा कुठून तरी उचलायची आणि तिचा किल्लीसारखा वापर करायचा? मी ठरवलं, प्रश्न आहेत ना, मग उत्तरं मी देणार.

चष्मेवालीला पुन्हा फोन लावला आणि तिच्याकडून लागतील तेवढे शब्द त्या बोलीत घोकून घेतले. नाही. नव्हतं. कोणी नाही. पडलं. बुजवलं. ती का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, कानाचा एक पेशंट आहे. तिला ते खरं वाटलं नाही, पण तिनं शिकवलं.

त्या संध्याकाळपासून मी अण्णांच्या शेजारी स्टूल घेऊन बसायला लागले. बाईनं विचारलं की अण्णांच्या आधी मी बोलायची. जिना? पडला. खिडकी? बुजवली. घंटा? नाही. बाई पहिल्यांदा माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कान तपासताना मी पेशंटकडे जसं बघते, तसं ती बघत होती. अण्णा रागावले, माझ्या हातावर चापटी मारली. मी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरच्या खोलीत खिडकी नव्हती. नुसती भिंत. मला एवढा आनंद झाला की मी टाळी वाजवली.

त्याच दिवशी आमच्या दाराची घंटा वाजेनाशी झाली. नवऱ्यानं वायर तपासली, बटण बदललं, शेवटी घंटाच नवी आणली. वायर ठीक, बटण ठीक, घंटा ठीक. वाजत नव्हती. "जाऊ दे, लोक दार ठोठावतील," मी म्हणाले. घंटेवाचून कोणाचं अडतं? मी माझी उत्तरं देत राहिले. दिवसागणिक पडद्यावरची खोली रिकामी होत गेली. घड्याळ गेलं. डबा गेला. मी जिंकत होते. अण्णाही हळूहळू शांत झाले, त्यांनी उत्तरं द्यायचं सोडलं, नुसते माझ्याकडे बघत राहायचे. त्यांना काहीतरी कळायला लागलं होतं असं मला वाटायचं. कधीकधी त्यांचे ओठ हलायचे, पूर्वीसारखे.

तो रविवार होता. दुपारची वेळ, नवरा घंटेसाठी मागून आणलेली शिडी परत करायला खाली गेलेला. मी टीव्ही लावला.

खोलीत फक्त तीन गोष्टी उरल्या होत्या. दार, बाई आणि वेताची खुर्ची.

नाही, चार. खुर्चीशेजारी एक स्टूल होतं आणि त्यावर कोणीतरी आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. खांद्यावर सैल वेणी. पिवळा सदरा, मानेपाशी शिवण उसवलेली.

मी मानेवर हात नेला. बोटाला उसवलेली शिवण लागली.

बाई त्या पाठमोऱ्या बाईकडे बघत होती. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सावकाश, मला कळेल असं, तोडून तोडून तिनं अण्णांना विचारलं. एवढं मला शिकवणीशिवायही समजलं.

"आणि ही कोण? तुमची मुलगी?"

तिनं कडी सरकवली. पडद्यावर. माझ्या पाठीमागे, आमच्या दाराकडून मला तो आवाज ऐकू आला.

तोंडात ‘नाही’ हा शब्द तयार होता. तो बाहेर येईना. ओठ हलले आणि नुसती हवा आली.

बाईनं मान कलती केली. थांबली.

आणि अण्णा उठले. खुर्चीचे हात धरून सरळ उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला. मी तो श्वास ओळखते. लहानपणी बसस्थानकावरच्या त्यांच्या खोलीत बसून मी तो असंख्य वेळा ऐकला आहे, माईकचं बटण दाबायच्या आधीचा.

ते मराठीत बोलले.

"सूचना. या घरात मी एकटा राहतो. मला मुलगी नाही. मला मुलगी कधीही नव्हती."

त्यांचा आवाज सगळ्या घरभर घुमला.

बाईनं हळूच मान डोलावली. तिला हवं ते उत्तर मिळाल्यासारखी.

पडद्यावरचं स्टूल रिकामं होतं.

मग टीव्हीचा पडदा निळा झाला. ‘सिग्नल नाही.’

मी धावत जाऊन दार पाहिलं. कडी सरकलेली होती, पण बाहेर जिन्यात कोणी नव्हतं. मी कडी पुन्हा लावली आणि अण्णांना मिठी मारली. त्यांचं सगळं अंग घामानं भिजलं होतं. "वाचवलंत मला," मी म्हणत होते, "अण्णा, मराठीत बोललात तुम्ही!" ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले. जरा अवघडून.

तो रेकॉर्डर मी दुसऱ्याच दिवशी भंगारात दिला. नुसता दिला नाही, समोर उभी राहून फोडून घेतला.

अण्णा आता उत्तम बोलतात. उच्चारबाई त्यांचं उदाहरण इतरांना सांगतात. सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात, शिंप्याशी वाद घालतात, जेवायची घोषणा करतात. माझ्याशीही बोलतात, अगदी आदबीनं. "बाई, तुम्ही फार करता हो माझं. तुमच्या घरचे वाट बघत नसतील?"

उच्चारबाई म्हणतात, असं होतं, अशा आजारात एखादा चेहरा निसटतो, नेटानं परत आणावा लागतो. नेटाचं मला कोणी सांगायला नको. रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोर फोटो घेऊन बसते. ही मी, शाळेच्या पहिल्या दिवशी. ही मी, तुमच्या माईकसमोर. ते चष्मा पुसून निरखून बघतात आणि म्हणतात, "गोड मुलगी आहे. कोणाची?" मी सांगते. ते नम्रपणे ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू करते. मला घाई नाही. आज ना उद्या ते मला भोंगा म्हणतील, आणि ते होईपर्यंत मी जागची हलणार नाही.

काल असाच पहिला फोटो काढून बसले होते. अण्णांनी तो हातात घेतला होता. आतून नवरा तीन कप घेऊन आला. एक त्यानं अण्णांना दिला, एक स्वतःसाठी खाली ठेवला. तिसरा घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला, बशी दोन्ही हातांत धरून, थोडा संकोचल्यासारखा.

"साखर विचारायची राहिलीच," तो म्हणाला. "तुम्ही घेता ना?"